वरणभातावरचं लिंबू

बडोद्यात जन्म काढल्यावर एखाद्या शब्दाचा मला एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं. शब्द साधाच आहे, ‘मजामां’, म्हणजे मजेत. कुणी ‘केम छो’ म्हटलं की ‘मजामां’ म्हणायचं, ही इथली रीत. दूधवाल्याला, शेजारणीला, बँकेतल्या माणसाला, सगळ्यांना मीही जन्मभर तेच सांगत आले. अंगात ताप असो, नाहीतर घरात कडाक्याचं भांडण करून खाली उतरलेली असो, मजामां. विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं, देणाऱ्याला द्यायचं नसतं, दोघं आपापल्या वाटेला मोकळे. पण हाच शब्द माझ्या नवऱ्याने कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे बसून ओळीने तीन बुधवार म्हटला. तेव्हा ह्यांच्या तोंडाची आतून सालं निघालेली होती.

आधी ह्यांच्याविषयी सांगते. हे नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते, तिथूनच रिटायर झाले. दर तासाला प्रेशर, टेंपरेचर, टाकीची पातळी, सगळ्याची रीडिंग्ज लॉगबुकात लिहिली जाताहेत की नाही ते बघायचं, हे ह्यांचं काम. एखाद्या ऑपरेटरने मीटर न बघता मागच्या तासाचाच आकडा पुढे ओढला, तर एरवी गाईसारखा असलेला हा माणूस असा उखडायचा की घरी येईपर्यंत कान लाल असायचे. आणि घरात? घरात स्वतःबद्दल एक अक्षर नाही. भाजी अळणी झाली तर मुकाट्याने खाऊन उठणार, मी जेवायला बसले की मग मला कळणार. लोक म्हणायचे, काय सोन्यासारखा नवरा मिळालाय तुला. डोंबलाचा सोन्यासारखा. पस्तीस वर्षं मी अंदाजाने स्वयंपाक केलाय.

तर ह्यांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तंबाखू, मावा, सुपारी, कशाला कधी हात लावलेला नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारणार, ‘मावो खाता हता?’ नाही म्हटलं की माझ्याकडे अशा नजरेने बघणार, की बाईला नवऱ्याचे धंदे ठाऊक नाहीत बिचारीला. मला त्यांच्या हातातल्या कपबश्या काढून घ्याव्याशा वाटायच्या. घेतल्या नाहीत, बिस्किटं मात्र आणून ठेवायची बंद केली.

ऑपरेशन झालं, मग तीस रेडिएशन. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. इथे लोक त्याला ‘शेक’ म्हणतात, जणू कंबर धरलीय आणि गरम पाण्याची पिशवी ठेवायचीय. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क बसवायचे आणि तो खाली टेबलाला अडकवून टाकायचे, म्हणजे डोकं हलू नये आणि किरण रोज त्याच जागी पडावेत. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावल्या. वजन उतरू द्यायचं नाही, आणि शेकात खंड पडू द्यायचा नाही, खंड पडला तर रोगाला पुन्हा डोकं वर काढायला वाव मिळतो. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे आमची परीक्षा एवढीच होती. ह्यांनी खायचं, गिळायचं आणि तीस दिवस सलग पुरे करायचे.

‘थोडं तोंड येईल,’ असंही डॉक्टर म्हणाले होते. आता तोंड येणं म्हणजे आमच्याकडे काय, पित्त झालं, जागरण झालं, दोन फोड आले, तूप लावलं, बी-कॉम्प्लेक्स घेतली, संपलं. तेवढंच मी समजले. मी गणिताच्या ट्यूशन घेते, कारेलीबागेतली आमची निम्मी सोसायटी माझ्या हाताखालून दहावी झालीय. ‘समजलं का’ विचारल्यावर मुलं ‘हो टीचर’ म्हणाली की मी कधीच विश्वास ठेवत नाही, तिथल्या तिथे एक गणित घालते. पण डॉक्टर ‘थोडं’ म्हणाले आणि मीच शहाणी ‘हो’ म्हणून बाहेर आले. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून हे बोलायचे कमी झाले. मुळात बोलणं कमीच, त्यात आणखी कमी झालं तर कळणार कसं? पोळी सोडली, मग बिस्किट सोडलं. खिशात एकाऐवजी दोन रुमाल ठेवायला लागले, लाळ पुसायला. आणि बुधवारी डॉक्टरांच्या तपासणीला जाताना मात्र इस्त्रीचा शर्ट, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखे. डॉक्टर फायलीतून मान वर न करता विचारायचे, ‘केम छो काका?’ हे म्हणायचे, ‘मजामां.’ डॉक्टर म्हणायचे, ‘सरस. चालू राखो,’ छान, असंच चालू ठेवा, की पुढचा पेशंट आत. मी शेजारच्या खुर्चीत, दाढेखाली लवंग धरून, फाइल सांभाळत बसलेली. सगळं कानांनी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, चला, बरं चाललंय.

त्यात माझी मोठी नणंद. आमच्या वन्सं बडोद्यातच, नदीपलीकडे अकोट्याला राहतात, पूल ओलांडून एक दिवसाआड भावाला बघायला यायच्या. त्यांनी तुरटीचा खडा आणला. ‘तुरटीच्या पाण्याने गुळण्या कर रे, दोन दिवसांत तोंड चोख होईल. आपली आई हेच करायची.’ बहिणीने सांगितलं म्हणून हे दिवसातून तीनदा बाथरूममध्ये जाऊन गुळण्या करायचे. बाहेर येताना डोळे भरलेले असायचे. मला वाटलं, बहिणीच्या मायेने भरून आलंय. कप्पाळ माझं.

पण वन्संना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण खरा पराक्रम माझा आहे. आहाराच्या कागदावर लिहिलं होतं, मऊ आणि बिनतिखट. म्हटलं, त्यात काय, वरणभात. आजारी माणसाला आपल्या घरात दुसरं काय देतात? गुरगुट्या भात, साधं वरण, वर तूप आणि वर लिंबू. ते लिंबू पिळताना कुणी विचार करतं का? हात आपोआप जातो. लिंबाशिवाय वरणभात म्हणजे मला ताट अर्धवट वाढल्यासारखं वाटतं. सकाळ-संध्याकाळ मी पिळत होते, वर बी पडू नये म्हणून चमच्यावर गाळून घेत होते. हे एकेक घास तोंडात धरून डोळे मिटून बसायचे. मला वाटायचं, चवीने खाताहेत.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मशीनवरच्या टेक्निशियन बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘बेन, मास्क ढीलो पडे छे.’ पहिल्या आठवड्यात जो मास्क गालावर जाळीचे वळ उठवायचा, त्याच्यात आता बोट जात होतं. वजन केलं तर सहा किलो उतरलेलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, आणखी उतरलं तर नवा मास्क, नवा स्कॅन, म्हणजे शेक काही दिवस बंद, आणि नाकातून नळी. ज्या दोन गोष्टींखाली मी रेघा मारल्या होत्या, नेमक्या त्याच दोन.

‘पण मी वाढते ते सगळं खातात हो,’ मी म्हटलं. ‘ताट स्वच्छ असतं.’

त्या बाईंनी आम्हाला शेजारच्या खोलीत सिस्टरांकडे पाठवलं. वयस्कर, बुटक्या, पंचमहालकडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी ‘केम छो’ विचारलंच नाही. विचारलं, ‘सवारे शुं खाधुं?’ सकाळी काय खाल्लं. हे म्हणाले, वरणभात. किती? ह्यांनी चार बोटं दाखवली, चार चमचे. किती वेळ लागला? एक तास. आणि बाकीचा भात? हे माझ्याकडे न बघता म्हणाले, कबुतरांना. मी क्लास घ्यायला आतल्या खोलीत गेले की गॅलरीत जाऊन हे कबुतरांना भात घालत होते. तरीच मेली गॅलरी घाण होत होती आणि मी वरच्या मजल्यावरच्यांशी भांडून आले होते.

‘वरणभात साथे शुं?’ सिस्टरांनी विचारलं.

‘लींबु.’

सिस्टर हळूच माझ्याकडे वळल्या. टॉर्च घेतला आणि ह्यांना तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटांएवढंही उघडेना. त्यांच्या खांद्यावरून मी आत पाहिलं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. गालाला आतून कातडी म्हणून नव्हतीच. लालभडक मांस, त्यावर पिवळट पांढरे चट्टे, जिभेच्या कडेला दात लागून लागून खाच पडलेली. ह्या तोंडात मी रोज दोन वेळा लिंबू घालत होते, आणि वन्सं तीन वेळा तुरटी.

मग मात्र माझा तोल सुटला. ‘सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड होतं ना?’ मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. हे खाली बघत, एकेक शब्द सोडवत म्हणाले, ‘तू एवढं मन लावून करतेस.’

जखमेवर मीठ चोळणं ऐकलं होतं. मी मन लावून लिंबू पिळत होते. ह्यांना त्या क्षणी मिठी मारावी की दोन लगावाव्यात हे मला खरंच कळेना. माझी तीच चिडचिड घेऊन मी उठले आणि ह्यांच्या हाताला धरून, बुधवारची वाट न बघता डॉक्टरांच्या खोलीत शिरले. फाइल त्यांच्यापुढे उघडून ठेवली. तीन तारखांपुढे इंग्रजीत तेच लिहिलेलं, तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘तुम्ही केम छो म्हणालात, हे मजामां म्हणाले. एवढं तर माझं भाजीवाल्याशीही होतं.’

‘बेन, काका बोलता ज नथी. मने केवी रीते खबर पडे?’ मला कसं कळणार, म्हणाले.

‘तोंडाचा पेशंट आहे साहेब. तोंड उघडून बघितलं की कळतं.’

ते चिडले असावेत, चेहऱ्यावर दिसलं. पण उठले, टॉर्च घेतला, ह्यांच्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसून लिहायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, मला दिसतात ना ती. पण बाहेर चाळीस बसलेत म्हणून आतल्या एकाचं तोंड बघायचं नाही, हे मला अजून पटत नाही, आणि मी तो राग सोडणारही नाही. अर्थात तीन आठवडे मी ह्यांच्यासमोर पाटावर बसले होते, आणि माझ्या बाहेर तर एकही माणूस रांगेत नव्हता.

सिस्टरांनी मग मला शाळेतल्या मुलीसारखं समोर बसवून शिकवलं. लिंबू, तुरटी, हळद, मध, दुकानातलं झोंबणारं हिरवं माउथवॉश, सगळं बंद. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडं मीठ आणि थोडा खायचा सोडा, ते तोंडात नुसतं हळू फिरवायचं, दर दोन तासांनी. लहान बाळाचा मऊ ब्रश. जेवायच्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं बधिर करणारं दाट औषध तोंडात धरायचं, थुंकायचं, आणि ते बधिरपण आहे तेवढ्यात खाऊन घ्यायचं. शिवाय दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या. शेवटी त्या ह्यांच्याकडे वळल्या. म्हणाल्या, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ‘बोलो काका, केटला?’

‘चार,’ हे म्हणाले.

‘जूठुं,’ सिस्टर म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मीटर न बघता लिहिताय.’

ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटले, एक आवंढा गिळला, आणि तो गिळताना मान कशी आखडली ते मी पाहिलं. मग म्हणाले, ‘नऊ.’

तिथे मला माझा नवरा कळला, पस्तीस वर्षांनी. ह्यांना तक्रार करता येत नव्हती. रीडिंग देता येत होतं. कुणी मागितलंच नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्या ट्यूशनची एक कोरी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. वेळ, गुळणीआधी, गुळणीनंतर, काय खाल्लं, किती चमचे. दर दोन तासांनी एक ओळ. पहिल्या दिवशी नऊ, आठ, सहा चमचे. तिसऱ्या दिवशी सात, पाच, चौदा चमचे. मी खिचडी मिक्सरमधून काढायची, वर तूप, आणि लिंबाची टोपली मी शेजारणीला देऊन टाकली होती, कारण माझ्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता. वन्सं आल्या, गोळ्यांचं नाव वाचून हबकल्या. ‘मॉर्फिन? अगं, सवय लागेल त्याला.’

‘लागू दे, वन्सं. आधी गिळायची सवय टिकू दे.’

‘आणि माझी तुरटी एवढी वाईट?’

‘जीभ चावली गेली की त्यावर लावून बघा एकदा,’ मी म्हटलं. ‘दिवसातून तीनदा.’

त्या चार दिवस आल्या नाहीत. बोलायला नको होतं. पण त्या दिवसांत माझ्या जिभेला हाड नव्हतं.

पाचव्या आठवड्यात आकडे पुन्हा चढले. गुळणीआधी आठ, नंतरही आठ, मग नऊ. मी म्हणणार होते, होतं असं एखाद्या दिवशी. ह्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. ‘हे बरोबर नाही. गुळणीनंतर उतरायला हवं,’ म्हणाले, आणि स्वतःहून चपला घातल्या. सिस्टरांनी टॉर्च मारला. तोंडात दह्यासारखा पांढरा थर धरला होता, बुरशी. डॉक्टरांनी त्याचं वेगळं औषध दिलं, तीन दिवसांत आकडे खाली आले. त्या बुधवारी डॉक्टरांनी सवयीने ‘केम छो काका’ विचारलं. ह्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. ‘छ,’ म्हणाले. ‘सोमवारे नव हतुं.’ आज सहा, सोमवारी नऊ होतं. डॉक्टरांनी पहिल्या पानापासून वही वाचली, आणि टॉर्च न मागता उचलला.

वजन आणखी दीड किलो उतरलं आणि तिथे थांबलं. मास्क सैल राहिला, पण बदलावा लागला नाही. नळी लागली नाही. तीस शेक एकही दिवस न चुकता पुरे झाले. तिसाव्या दिवशी वन्सं दुधीचं गाळलेलं सूप घेऊन दारात उभ्या, चपला काढायच्या आधी म्हणाल्या, ‘लिंबू नाही हं यात. तुरटी पण नाही.’ मी त्यांच्या हातून डबा घेतला आणि त्यांना आधी बसवून चहा दिला, बिस्किटांसकट.

आता ही गोष्ट संपायला हवी होती. पाच-सहा आठवड्यांनी वहीत दोन, एक, असे आकडे यायला लागले. आवाज घोगरा राहिला, चव अजून परतलेली नाही, पण हे मऊ भात बसल्या जागी वाटीभर खायला लागले. अशाच एका दुपारी आम्ही जेवत होतो. ह्यांचा चमचा मध्येच थांबला. माझ्याकडे बघत म्हणाले, ‘तुझं किती?’

‘माझं काय? मी मजामां,’ मी म्हटलं. शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

‘महिना झाला, तू एकाच बाजूने चावतेस,’ हे म्हणाले. उठले, फ्रिजवर ठेवलेला टॉर्च घेऊन आले, ह्यांच्यासाठी आणलेला. ‘तोंड उघड.’

डाव्या बाजूची शेवटची दाढ ह्यांच्या ऑपरेशनच्या आधीपासून ठणकत होती. लवंग धरून धरून मी चार महिने काढले होते. अर्धी किडून पडली होती, हिरडी सुजली होती. ह्यांचं एवढं चाललेलं असताना मी माझी दाढ कुठे घेऊन बसू? मी तोंड उघडलं. हे बघत राहिले. पस्तीस वर्षांत ज्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, ते त्या फाटक्या आवाजात ओरडले, ‘सांगायला काय झालं होतं तुला? तोंड होतं ना?’

ह्यांनी टॉर्च तसाच धरून ठेवला होता.

‘किती?’

‘चार,’ मी म्हटलं.

टॉर्च हलला नाही.

‘आठ,’ म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.